रुमालाखाली

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा
पूर्वी रुमालाखाली व्हायचा.
अडत्याचा हात, खरेदीदाराचा हात,
वर एक टॉवेल.
बोट दाबलं की शंभर, मूठ वळली की पाचशे.
पोती शेजारीच उभी असायची.
पोत्यांना कोण विचारतं.

माझ्या वडिलांनी, भूपाल मगदुमांनी,
चाळीस वर्षं तो टॉवेल धरला.
अठ्ठ्याऐंशी साली एकदा
गावभागातल्या दवाखान्यात
टॉवेल हिरवा होता, हात दुसऱ्यांचे होते
आणि खाली
अकरा महिन्यांचं मी.

"छोटीशी गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले होते,
"आत्ता करून टाकू.
मोठं झाल्यावर आठवणारसुद्धा नाही."
फॉर्मवर रकाना होता: रुग्णाशी नातं.
वडिलांनी लिहिलं, वडील.
पुढचा रकाना: लिंग.
तो त्यांनी रिकामा ठेवला.
आम्ही घरी पोचायच्या आत कुणीतरी भरला.

आई हे बोलली जायच्या आदल्या वर्षी,
भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत.
"ह्यांना वाचता येत होतं की.
वाचायला वेळ दिला नाही."
आणि भाकरी उलटली.

मग पाय दवाखान्याकडे वळले, फाईल मागायला.
खिडकीतल्या क्लार्कनं चष्मा पुसला.
"दोन हजार पाचचा पूर.
तळघरातलं सगळं रेकॉर्ड गेलं."
त्याच पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली.
माझी संमती, जी माझी नव्हतीच,
कृष्णेनं कुठवर नेली कुणास ठाऊक.
वाडीच्या घाटावर लागली असेल,
नाहीतर पार कर्नाटकात.

पेवांचं एक सांगायचं राहिलं.
पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला, तर थांबायचं.
दोन तास, चार तास, उद्या.
जमिनीला एवढं विचारत होतो आपण.

परवा त्रिशला आली, आवट्यांची सून.
पदराखाली लेकरू, वीस दिवसांचं.
सासू म्हणते मुलगा लिहा,
आई म्हणते मुलगी,
डॉक्टर म्हणतात मंगळवार.

मी विचारलं, लघवी नीट होते? दूध पचतं?
रक्तातलं मीठ तपासलं?
मीठ घसरत असेल तर औषध आजच,
तिथं तासभरही थांबू नकोस.
जिवावरच बेतलं तर चाकूसुद्धा.
पण नुसतं बरं दिसावं म्हणून असेल
तर विचार, घाई कुणाला आहे?
आत्ता नाही केलं तर काय बिघडेल
ते लिहून माग.
लिहून देत नाहीत, बघ.
तमिळनाडूत बंदी आहे याला.
इथं अजून नाही.
इथं आज तरी कायदा म्हणजे
तुझा न उचललेला पेन.

"मग हाक काय मारू?" ती म्हणाली.

लेकरू म्हण. भाषेनं जागा ठेवलीय.
ते हसतं, ते रडतं, ते मुठी चोखतं.
बोलायला लागलं की
तेच सांगेल पुढचं.

दारातून परत फिरून तिनं विचारलं,
हळू, पायातल्या चपलेकडे बघत,
"तुमचं केलं नसतं, तर तुम्ही काय झाला असता?"

माहीत नाही, त्रिशला.
तेवढंच तर काढून नेलं त्यांनी.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.
माझी नोकरी यार्डातच, अडतीच्या वहीवर.
आता भाव स्क्रीनवर दिसतात, टॉवेल कुणी धरत नाही,
हळदीच्या धुळीनं पोरांच्या पापण्या मात्र अजून पिवळ्या.
ती म्हणाली, सही नाही केली.
डॉक्टर चिडले. सासू अजून बाहेर बाकावर बसलीय.
मग थोडं थांबून,
जणू हेच विचारायला फोन केला होता,
"त्याला उचकी लागलीय मघापासून,
काय देऊ?"